पर्ल हार्बर हल्ल्याचे स्मरण आणि चित्रपट

पर्ल हार्बर हा हवाई बेटांपैकी ओआहू बेटावरचा अमेरिकी आरमाराचा तळ. ७ डिसेंबर १९४१ रोजी, रविवारी सकाळी आठला काही मिनिटे कमी असताना, जपानच्या सहा विमानवाहू नौकांवरून निघालेल्या साडेतीनशेच्या आसपास विमानांनी दोन तुकड्यांत त्यावर अचानक हल्ला चढवला. युद्ध पुकारलेले नव्हते. वाटाघाटी संपल्याचा जपानी खलिता वॉशिंग्टनमध्ये पोचला तेव्हा इकडे बॉम्ब पडू लागले होते. २,४०३ अमेरिकी मारले गेले. त्यांतले १,१७७ एकट्या ‘ॲरिझोना’ या युद्धनौकेवरचे. त्याआधी तासाभराहून जास्त वेळ मलायात कोटा बारूच्या किनाऱ्यावर जपानी सैन्य उतरू लागले होते आणि डोगरा पलटणीचे भारतीय जवान त्यांच्याशी लढत होते. पण पॅसिफिकमधल्या युद्धाची सुरुवात म्हणून जगाला आठवतो तो पर्ल हार्बरच.

या आठवणीतला बराच भाग चित्रपटांनी घडवलेला आहे. प्रत्यक्ष हल्ल्याचे चित्रण फार थोडे झाले. ती उणीव दोन्ही बाजूंनी स्टुडिओत भरून काढली. १९४२च्या डिसेंबरात, पहिल्या वर्षदिनाच्या सुमारास, जपानमध्ये काजिरो यामामोतो यांचा हवाई व मलायातील लढायांवरचा प्रचारपट आला. त्यातले बंदर म्हणजे एइजी त्सुबुराया यांनी पाण्यात मांडलेली छोटी प्रतिकृती. पुढे ‘गॉडझिला’ला पडद्यावर आणणारे ते हेच. अमेरिकेत जॉन फोर्ड आणि छायालेखक ग्रेग टोलंड यांनी ‘डिसेंबर सेव्हन्थ’ केला. मूळ लांबीचा चित्रपट सरकारने अडवला. कापून लहान केलेल्या आवृत्तीला लघुमाहितीपटाचे ऑस्कर मिळाले. त्यातली रचलेली दृश्ये पुढे कित्येक माहितीपटांत खरी म्हणून वापरली गेली, आणि अजूनही अधूनमधून दिसतात.

१९५३चा ‘फ्रॉम हिअर टू इटर्निटी’ छावणीतल्या सैनिकांच्या आयुष्यावर आहे. हल्ला येतो तो अगदी शेवटाकडे. तपशिलाला सर्वांत जपणारा चित्रपट म्हणजे १९७०चा ‘तोरा! तोरा! तोरा!’. ‘तोरा’ म्हणजे वाघ. शत्रू बेसावध सापडल्याचा तो सांकेतिक संदेश होता. अमेरिकी बाजू रिचर्ड फ्लायशर यांनी, तर जपानी बाजू तोशिओ मासुदा आणि किंजी फुकासाकू यांनी दिग्दर्शित केली. जपानी भागासाठी आधी अकिरा कुरोसावा यांना घेतले होते, पण त्यांना मध्येच बाजूला व्हावे लागले. ओपाना येथील रडारवर विमानांचा मोठा थवा दिसला, आणि ‘आपलीच बी-१७ विमाने येत असतील’ म्हणून अधिकाऱ्याने ती खबर सोडून दिली, हा खरा प्रसंग त्यात आहे. मात्र ‘आपण झोपलेल्या राक्षसाला जागे केले’ अशा अर्थाचे जे वाक्य हल्ल्याची योजना आखणारे जपानी ॲडमिरल इसोरोकू यामामोतो यांच्या तोंडी आहे, ते त्यांनी कधी उच्चारल्याचा पुरावा नाही. तरीही ते त्यांचेच म्हणून सर्रास उद्धृत होते. एवढ्या काटेकोर चित्रपटातून नेमके हेच वाक्य लोकांच्या लक्षात राहावे, ही गंमतच.

२००१च्या ‘पर्ल हार्बर’ची तर गोष्टच वेगळी. मायकेल बे यांच्या या चित्रपटाचा पहिला खेळ त्याच बंदरात, एका विमानवाहू नौकेवर थाटात झाला. स्फोटांची चाळीस मिनिटे नेत्रदीपक आहेत. बाकी सारा प्रेमाचा त्रिकोण. समीक्षकांनी त्याला झोडपले, प्रेक्षकांनी गर्दी केली.

बंदरातले स्मारक मात्र अगदी शांत आहे. बुडालेल्या ‘ॲरिझोना’वर आडवी उभारलेली ही पांढरी वास्तू आल्फ्रेड प्राइस यांनी रचली आणि १९६२ मध्ये तिचे लोकार्पण झाले. निधी कमी पडत असताना १९६१ मध्ये एल्व्हिस प्रेस्ली यांनी तिच्यासाठी गाण्याचा कार्यक्रम केला होता. खालच्या टाक्यांतून तेल अजून थेंबथेंब वर येते. लोक त्याला ‘काळे अश्रू’ म्हणतात. जहाजावरून वाचलेल्यांपैकी चाळीसहून अधिक जणांनी मृत्यूनंतर आपली रक्षा याच जहाजात ठेवावी असे सांगून ठेवले होते. पाणबुडे ती खाली नेऊन तोफेच्या बुरुजात ठेवत. अशी शेवटची रक्षा २०१९ मध्ये ठेवली गेली.