समुद्राच्या पाण्यावर तरंगणारी वसई

समुद्राला खेटून असलेल्या विहिरीचे पाणी गोडे कसे, असा प्रश्न निघाला की दोन उत्तरे हमखास मिळतात. पहिल्यात देवाचा किंवा एखाद्या सत्पुरुषाचा हात असतो. दुसरे वरवर शास्त्रीय वाटते आणि म्हणूनच अधिक चिवट ठरले आहे: समुद्राचे पाणी वाळूतून झिरपताना गाळले जाते आणि मीठ मागे राहते. हे उत्तरही पहिल्याइतकेच चुकीचे आहे. पाण्यात विरघळलेल्या मिठाचे आयन वाळूच्या कणांमधील पोकळ्यांच्या मानाने इतके सूक्ष्म असतात की ते पाण्याबरोबर बिनदिक्कत पलीकडे जातात. वाळू गढूळपणा अडवते. खारटपणाला ती अडवू शकत नाही. अडवू शकली असती, तर समुद्राचे पाणी गोडे करण्यासाठी कोट्यवधींचे प्रकल्प उभारण्याची गरजच पडली नसती.

या प्रश्नाचे खरे उत्तर समजून घ्यायला मुंबईच्या उत्तरेचे वसई हे उपनगर उत्तम आहे. दक्षिणेला उल्हास नदीच्या मुखाची खाडी, उत्तरेला वैतरणेचे मुख, पूर्वेला तुंगारेश्वराचे डोंगर आणि पश्चिमेला अरबी समुद्र, अशा चौकटीत ही भूमी आहे. एके काळी सोपाऱ्याच्या खाडीने ती मुख्य भूमीपासून तोडलेली होती. रेल्वेच्या पूर्वेस भरतीचे पाणी शिरणारी चिकणमातीची खाजणे आणि त्यांत मिठागरे. पश्चिमेस मात्र गिरीज, भुईगाव, निर्मळ, वाघोली अशा गावांचा रेताड पट्टा आणि त्यात केळीच्या, फुलांच्या व पानवेलींच्या वाड्या. काही किलोमीटरच्या अंतरात एकीकडे मीठ पिकते आणि दुसरीकडे खारे पाणी अजिबात न सोसणारी केळी पिकते, ही किमया जमिनीच्या पोताची आहे.

येथील वस्तीही त्या पाण्यामुळेच टिकली असावी, असे माझे मत आहे. सोपारा हे प्राचीन बंदर होते. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील स्तूपाचे उत्खनन केले आणि त्याच वर्षी अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा उजेडात आला. नवव्या लेखाचा तुकडा १९५६ मध्ये भुईगावला सापडला. लांबच्या प्रवासाला निघणाऱ्या जहाजांना किनाऱ्यावर गोडे पाणी भरून घ्यावेच लागे. पुढे १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि तीन बाजूंनी खाऱ्या पाण्याने वेढलेल्या टोकावर त्यांचा किल्ला वाढला. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या सैन्याने तो जिंकला, पण त्यासाठी महिनोन्‌महिने वेढा चालवावा लागला. एवढा काळ तग धरणाऱ्या किल्ल्याच्या आत विहिरी होत्या, हे विसरता येत नाही.

आता मूळ यंत्रणेकडे वळू. वसईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. रेताड जमिनीत तो चटकन मुरतो. खाली समुद्राकडून आत आलेले खारे पाणी वाळूच्या पोकळ्यांत आधीच भरलेले असते. गोड्या पाण्याची घनता १.०००, तर समुद्राच्या पाण्याची सुमारे १.०२५ असल्यामुळे मुरलेला पाऊस खाऱ्या पाण्याच्या वर तरंगतो. वाळूचे कण घुसळण होऊ देत नाहीत, म्हणून दोन्ही पाणी सहजी मिसळत नाही. शाळेत यू आकाराच्या नळीत दोन द्रव भरून केलेला प्रयोग येथे आठवावा. ४१ मीटर उंचीच्या गोड्या पाण्याच्या स्तंभाचा दाब आणि ४० मीटर उंचीच्या खाऱ्या पाण्याच्या स्तंभाचा दाब समान असतो, कारण ४० ला १.०२५ ने गुणले की ४१ च येतात. याचा अर्थ असा की भूजलाची पातळी समुद्रसपाटीपेक्षा एक मीटर वर असेल, तर समुद्रसपाटीखाली ४० मीटरपर्यंत गोडे पाणी राहू शकते. मध्ये जाड आणि कडांना निमुळत्या अशा या साठ्याला गोड्या पाण्याचे भिंग म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नेदरलँड्सच्या बाडोन घायबेन यांनी आणि १९०१ मध्ये जर्मनीच्या हेर्झबर्ग यांनी हे गणित स्वतंत्रपणे मांडले, म्हणून ते त्या दोघांच्या नावाने ओळखले जाते. चारही बाजूंनी समुद्र असलेल्या अर्नाळ्याच्या किल्ल्यातही गोडे पाणी मिळते, त्याचे कारण हेच आहे.

वास्तवात गणित इतके स्वच्छ नसते. वसईतला वाळूचा थर ४० मीटर जाड नाही, त्याखाली बेसाल्ट लागतो, आणि दोन पाण्यांमधली सरहद्द रेघेसारखी नसून मचूळ पाण्याच्या पट्ट्यासारखी असते. शिवाय हा साठा स्थिर नाही. गोडे पाणी सतत समुद्राकडे वाहत असते आणि त्या प्रवाहामुळेच खारे पाणी मागे रेटले जाते. किनाऱ्याजवळच्या विहिरीची पातळी भरतीबरोबर किंचित वर येते, तेव्हा समुद्र आत शिरला असे समजण्याचे कारण नाही. बहुधा तो केवळ दाबाचा परिणाम असतो. तळहातावर नारळ ठेवून जमिनीखालचे पाणी शोधणाऱ्या पाणाड्यांविषयी जाता जाता एक गोष्ट नोंदवतो: सगळीकडे भूजल असलेल्या या पट्ट्यात तळहातावरचा नारळ कुठेही उभा राहिला तरी खाली पाणी लागणारच, त्यामुळे त्यांची कीर्ती येथे अबाधित राहते.

चाळीसपटीचे हे गणित उलटही चालते. पातळी अर्धा मीटर घटली, तर समतोल साधण्यासाठी खालची सरहद्द २० मीटर वर यावी लागते. येथे बावखलांचे महत्त्व कळते. बावखल म्हणजे वाडीत खणलेले उथळ, पसरट तळे. पूर्वी त्याच्या काठावर बैलांचा रहाट असे. रहाट पाणी हळूहळू आणि वरच्या थरातूनच उपसत असे, त्यामुळे पातळी मोठ्या क्षेत्रावर थोडी थोडी खाली जाई. पावसाळ्यात तेच बावखल पाणी साठवून जमिनीत मुरवत असे. बोअरला जोडलेला पंप मात्र एकाच खोल बिंदूतून जोराने पाणी ओढतो आणि त्या बिंदूखाली खाऱ्या पाण्याचा सुळका वर चढतो. पिण्याच्या पाण्यात क्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे, तर समुद्राच्या पाण्यात ते सुमारे १९,००० असते. म्हणजे शंभरात दीड भाग समुद्राचे पाणी मिसळले तरी ती मर्यादा ओलांडली जाते. असे असताना बावखले बुजवून त्यांवर इमारती उभ्या करायच्या आणि गावांतले पाणी टँकरने उपसायचे, हा व्यवहार मला अडाणीपणाचा वाटतो. ‘हरित वसई’च्या चळवळीने ही बाजू मांडली, तेव्हा तिला विकासविरोधी ठरवण्यात आले.

खारे पाणी एकदा वाडीत फिरले की केळीच्या पानांच्या कडा करपू लागतात. पुढच्या पावसाने मीठ बरेचसे धुऊन जाते, परंतु सोडियम मातीतल्या चिकण कणांना धरून राहतो आणि तेथील कॅल्शियमला हुसकावून लावतो. कॅल्शियममुळे एकमेकांना बिलगून राहणारे कण मग सुटे होतात, मातीतली सूक्ष्म छिद्रे बुजतात, आणि ज्या पावसाने भिंग पुन्हा भरायचे तो पाऊस आत मुरण्याऐवजी वरच्या वर वाहून जातो.