व्हर्जन जुळवणी (नेटवर्क सुरक्षा)

राउटर, स्विच, फायरवॉल अशा उपकरणांवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरचे व्हर्जन ओळखून ते ज्ञात सुरक्षा-त्रुटींच्या यादीशी ताडून पाहण्याची पद्धत. यात उपकरणावर हल्ल्याचा प्रयोग करावा लागत नाही, म्हणून चालू कामात खंड न पाडता ती वापरता येते.

व्हर्जन एसएनएमपीद्वारे (नेटवर्कवरून उपकरणाची माहिती विचारण्याची पद्धत) विचारता येते किंवा एसएसएचच्या (दूरवरून सुरक्षित लॉगिन करण्याची पद्धत) बॅनरवरून, म्हणजे जोडणी होताच उपकरण पाठवते त्या ओळखीच्या ओळीवरून, ताडता येते. बॅनर बदलता किंवा लपवता येतो. लॉगिन करून घेतलेली माहितीच अधिक भरवशाची. त्रुटींना सीव्हीई हा ओळख-क्रमांक देण्याची व्यवस्था मायटर या अमेरिकी संस्थेने 1999मध्ये सुरू केली. उत्पादन व व्हर्जन यांची नावे सर्वत्र एकाच साच्यात लिहिली जावीत यासाठी सीपीई ही नामपद्धती आहे. भारतात 2004पासून कार्यरत असलेली सर्ट-इन ही सायबर सुरक्षेची सरकारी संस्था बाधित व्हर्जनांसह इशारे प्रसिद्ध करते.

खरी कसोटी तुलनेत लागते. नागपुरात धंतोली-रामदासपेठेत दवाखाने दाटीने आहेत. त्यांपैकी एखाद्यात मायक्रोटिक कंपनीचा राउटर आहे आणि त्यावर तिच्या राउटरओएस या सॉफ्टवेअरचे 6.40.8 हे व्हर्जन आहे, असे समजू. सीव्हीई-2018-14847 या त्रुटीमुळे पासवर्डशिवाय राउटरमधील फाइल वाचता येत असे, वापरकर्त्यांच्या माहितीचीसुद्धा. तिची दुरुस्ती 6.42.1मध्ये आली. ‘6.42.1पेक्षा जुने ते सगळे धोक्याचे’ असा सरधोपट नियम लावला, तर हा राउटर दोषी ठरेल. प्रत्यक्षात तो या त्रुटीपुरता सुरक्षित आहे, कारण कंपनीने जुन्या शाखेतली (नव्या व्हर्जनांच्या बरोबरीने चालू ठेवलेल्या जुन्या मालिकेतली) दुरुस्ती 6.40.8मध्येच दिली होती. शाखा न पाहता केलेली जुळवणी अशी फसते. आकडे मजकूर म्हणून ताडले तरी घोटाळा होतो: 6.10 हे 6.9नंतरचे, पण अक्षरक्रमात आधी येते.

क्रमांकही फसवू शकतो. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या सॉफ्टवेअरमध्ये 2014मध्ये हार्टब्लीड ही त्रुटी सापडली, तेव्हा रेड हॅट या लिनक्स कंपनीने त्याचा 1.0.1ई हा क्रमांक तसाच ठेवून आत दुरुस्ती बसवली. बॅनर जुनाच दिसे. फरक कळे तो पॅकेजच्या पूर्ण क्रमांकावरून. म्हणून जुळवणीतून निघालेला निष्कर्ष हा संशय समजावा आणि उत्पादकाच्या सूचनेशी पडताळावा.

‘काही सापडले नाही’ हा निकाल मात्र जास्त जपून वाचावा लागतो. यादीत न आलेली त्रुटी या पद्धतीला दिसत नाही. चुकीच्या सेटिंग किंवा कारखान्यातून आलेला मूळ पासवर्ड तसाच असणे हेही तिच्या कक्षेबाहेर राहते. दवाखान्यात रुग्णांचे अहवाल त्याच राउटरमधून जातात, तेव्हा या दोन गोष्टी हाताने तपासाव्यात. तपासणीपूर्वी मालकाची परवानगी घ्यावी. विनापरवानगी प्रवेश माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000च्या कलम 43खाली येतो.