उधाणाचं पाणी की भांगाचं पाणी? कोकणात कॅमेरा घेऊन निघण्याआधी

कोकणात फोटो काढायला येणारी मंडळी हल्ली निघण्याआधी भरती-ओहोटीची वेळ बघून येतात, चांगलीच गोष्ट आहे, पण बहुतेकजण फक्त वेळ बघतात आणि तिच्या शेजारी मीटरमधे जो आकडा असतो तो सोडून देतात. मग पौर्णिमेच्या भर दुपारी अलिबागच्या किनाऱ्यावर उभं राहून समोर समुद्रात असलेल्या कुलाबा किल्ल्यात चालत कधी जायचं असं विचारतात, किंवा अष्टमीच्या संध्याकाळी मावळतीच्या उजेडात ओली वाळू आणि उघडे खडक शोधत फिरतात आणि समोर पाणीच पाणी. अंदाज चुकतो तो एकाच ठिकाणी, उधाण आणि भांग यांच्यातला फरक लक्षात घेतलेला नसतो.

यात दोन गैरसमज अगदी कॉमन आहेत. एक म्हणजे समुद्र खवळला, मोठ्या लाटा आल्या की त्याला उधाण समजायचं. लाटा वाऱ्याने येतात, उधाणाच्या दिवशी वारा पडलेला असेल तर समुद्र शांत राहूनही पाणी पार बांधाच्या वर चढतं. दुसरा गैरसमज म्हणजे उधाण ही भरती आणि भांग ही ओहोटी. असं नाहीये, भरती-ओहोटी दोन्हीतही होते, दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी, फरक आहे तो पाणी किती चढतं आणि किती उतरतं याचा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येतात, दोघांची ओढ एकत्र लागते, म्हणून पाणी खूप चढतं आणि तेवढंच खूप खाली जातं, हे उधाण. अष्टमीच्या आसपास दोघांची ओढ काटकोनात पडते, सूर्याचा जोर चंद्राच्या साधारण निम्मा असला तरी तेवढा वजा होतो, मग पाणी ना धड चढतं ना धड उतरतं, हा भांग. मुंबईचे सरासरी आकडे घेतले तर उधाणाची भरती ४.४ मीटर आणि ओहोटी ०.८ च्या आसपास, भांगाची भरती ३.३ आणि ओहोटी १.९. म्हणजे एकीकडे साडेतीन मीटरची उलथापालथ, दुसरीकडे जेमतेम दीड मीटर. आणि उधाणाचं सगळ्यात मोठं पाणी बऱ्याचदा अमावास्या-पौर्णिमा उलटून एक-दोन दिवसांनी येतं, हेही लक्षात ठेवा.

आता वेळेचं गणित. हे किनाऱ्यावर राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं आणि बाहेरून येणाऱ्याला कुणी सांगत नाही. तिथीची पाऊणपट करा, ती भरती पूर्ण होण्याची वेळ. चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमेला सव्वाअकरा, पहाटे असो की दुपारी, दोन्हीकडे तेच, आणि त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. वद्य पक्षात परत प्रतिपदेपासून मोजायचं. आमच्याकडे कोळीवाड्यातल्या काकांना विचारलं, काका पाणी कधी भरेल, तर मोबाईल न काढता उत्तर येतं, "पंचमी हाय, पावणेचारला भरंल." हे जमतं कारण चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येतो आणि पाऊण तास त्याच्या अगदी जवळचा आहे. हे गणित मुंबई-रायगडला चांगलं बसतं, खाली रत्नागिरी-मालवणकडे भरती थोडी आधी होते.

आणि इथेच फोटोवाल्यांसाठी सगळ्यात कामाची गोष्ट लपलेली आहे. भरतीची वेळ तिथीला बांधलेली आहे आणि उधाण-भांगही तिथीलाच बांधलेले आहेत, म्हणजे कोकणात उधाणाची भरती कायम दुपारी आणि मध्यरात्री येणार आणि उधाणाची ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी. भांगाचं बरोबर उलटं, भरती सकाळ-संध्याकाळ आणि ओहोटी दुपारी. थोडक्यात, आपल्याला जो सोनेरी उजेड हवा असतो त्या उजेडात उधाणाच्या दिवसांत किनारा उघडा पडलेला मिळतो आणि भांगाच्या दिवसांत खाडी भरलेली मिळते. सगळ्यात उंच पाणी आणि सूर्यास्त एकत्र हवं असेल तर ते या किनाऱ्यावर होत नाही, कितीही दिवस थांबलात तरी.

त्यामुळे जलदुर्ग करायचे असतील तर मी डोळे मिटून उधाण म्हणेन. कुलाबा किल्ला घ्या, १६८० साली शिवाजी महाराजांनी काम सुरू केलं, संभाजी महाराजांनी पूर्ण केलं, पुढे कान्होजी आंग्र्यांचं ठाणं. तटाचे मोठाले चिरे चुन्याशिवाय नुसते एकमेकांवर रचलेले आहेत, लाटेचं पाणी फटींत शिरतं आणि तिचा जोर मरतो. हे बांधकाम फोटोत दाखवायचं तर तटाचा पायथा उघडा पाहिजे, खालच्या चिऱ्यांना चिकटलेली कालवं, त्याच्या वर शेवाळाचा पट्टा, त्याच्या वर कोरडा दगड, हे सगळं उधाणाच्या ओहोटीलाच नीट दिसतं, भांगात अर्धा पट्टा पाण्याखालीच राहतो. किल्ला किनाऱ्याच्या पश्चिमेला आहे, म्हणून पहाटेच्या ओहोटीला गेलात तर अलिबागच्या बाजूने उगवतीचा उजेड सरळ दरवाजावर पडतो, आणि संध्याकाळी सूर्य किल्ल्यामागे जातो तेव्हा फक्त काळी आकृती आणि पुढे ओल्या वाळूत तिचं प्रतिबिंब. मला स्वतःला पहाटेचा जास्त आवडतो, दगड दिसतो त्यात. मालवणला सिंधुदुर्गाचं काम १६६४ साली सुरू झालं, तिथे होडीशिवाय जाता येत नाही, पण किनाऱ्याजवळचा पद्मगड ओहोटीला चालत गाठता येतो, आणि तिथून सिंधुदुर्गाची तटबंदी जशी दिसते तशी जेटीवरून दिसत नाही.

अष्टमीला दुपारी ओहोटी आहे म्हणून कुलाब्याला चालत निघाल तर कदाचित गुडघा-मांडीभर पाण्यातून जावं लागेल, कारण पाणी उतरलं तरी पुरतं उतरलेलं नसतं. चार्टमधे ओहोटी लिहिलेलं दोन्ही दिवशी असतं, आकडा ०.६ आहे की १.९, सगळा फरक तिथे आहे. (हा आकडा समुद्रसपाटीपासून मोजलेला नसतो, चार्टचा शून्य जवळजवळ सगळ्यात खालच्या ओहोटीच्या पातळीला धरलेला असतो, म्हणून ०.६ म्हणजे पाणी खूपच खाली गेलंय असं समजायचं.)

उधाणाची एक बाजू मात्र कुणी हलक्यात घेऊ नये असं मला कळकळीने सांगायचंय. पाणी एकसारखं चढत नाही. ओहोटीनंतरच्या पहिल्या तासात फारसं काही जाणवत नाही, तिसऱ्या-चौथ्या तासात मात्र एकूण चढायच्या निम्मं पाणी येऊन जातं. साडेतीन मीटरच्या उधाणात हे एका तासाला जवळजवळ ९० सेंटिमीटर होतं, भांगात त्याच तासाला ३५. संध्याकाळची उधाणाची ओहोटी म्हणजे परतीचं पाणी अंधारात येणार, आणि आपण व्ह्यूफाइंडरला डोळा लावून उभे असतो, पाठीमागचा सखल भाग आधी भरतो ते कळत नाही. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा वाट घ्या, लाटांनी कोरून जाळीदार झालेले ते खडक कुठल्याही फोटोवाल्याला ओढतातच, पण ती वाट ओहोटीचीच आहे आणि तिथे माणसं ओढली गेलेली आहेत. ओहोटीच्या दीड तास आधी उतरायचं आणि पाणी वळलं की वर यायचं, उजेड कितीही सुंदर असला तरी. पावसाळ्यात तिथे उतरूच नये.

भांगाचे फोटो वेगळे आणि खरं सांगायचं तर लोक या दिवसांना उगाच कमी लेखतात. भांगात प्रवाह मंद असतो, गाळ कमी ढवळतो, आणि भरती-ओहोटी वळतानाचा जो स्थिर पाण्याचा वेळ असतो तो शांतपणे मिळतो. त्यात सकाळी मतलई वारा हलका असतो, दुपारी खारे वारे सुरू झाले की पाण्यावर सुरकुत्या आल्याच. म्हणून सकाळ, भरलेली खाडी, वारा नाही आणि तिरपा उजेड हे सगळं एकत्र हवं असेल तर अष्टमी ते दशमी. थंडीत सूर्य सातच्या सुमाराला उगवतो तेव्हा अष्टमीची सहाची भरती अंधारात जाते, नवमीची पावणेसातची किंवा दशमीची साडेसातची बरोबर उजेडात पडते, म्हणून डिसेंबर-जानेवारीत मी नवमी-दशमीच धरते.

रेल्वेच्या फोटोंना हे फार उपयोगी. भाईंदर आणि नायगावच्या मधला वसई खाडीवरचा पूल किंवा मानखुर्द-वाशीचा ठाणे खाडीवरचा पूल, लोकल जाताना खाली अख्खं प्रतिबिंब हवं असेल तर पाणी खांबांच्या अंगावर चढलेलं आणि स्थिर पाहिजे, उधाणाच्या सकाळी त्याच वेळी तिथे चिखल आणि मधे पाण्याची एक पट्टी असते. गाडी गोठवायची तर शटर १/१००० च्या पुढे, पॅन करायचं, म्हणजे गाडीबरोबर कॅमेरा फिरवायचा असेल तर १/६० च्या आसपास, पण पॅनमधे प्रतिबिंबही पुसलं जातं तेव्हा पुलावर मी गोठवलेलाच घेते. फोटो बाहेरून, होडीतून किंवा किनाऱ्यावरून घ्या, रुळांवर जाणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे आणि जिवाला धोका आहे तो वेगळाच. कोकण रेल्वे, म्हणजे २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण सुरू झालेला मार्ग, बराचसा किनाऱ्यापासून आत आहे, रत्नागिरीजवळचा ६४ मीटर उंचीचा पानवल पूल तर भरतीच्या हिशोबात येतच नाही, तिथे पाऊस आणि हिरवळ बघून जायचं.

प्राणी-पक्ष्यांमधे गंमत अशी की दोन्ही पाणी लागतात. चिपळूणला वाशिष्ठीतल्या मगरी थंडीत उन्हाला येऊन चिखलाच्या काठावर पडतात, त्यासाठी काठ उघडा हवा आणि ऊनही वर आलेलं हवं, म्हणजे दुपारची ओहोटी, म्हणजे भांगाचे दिवस. इथे एक हिशोब जास्तीचा करावा लागतो, दाभोळच्या मुखाकडचं पाणी चिपळूणपर्यंत पोचायला आणि उतरायला वेळ लागतो, म्हणून वेळापत्रकातली किनाऱ्याची ओहोटी तिथे उशिरा दिसते, त्यामुळे षष्ठी-सप्तमीसुद्धा चालते. बोटवाल्याला विचारलं की तो अचूक सांगतो. निवट्या (चिखलावर सरपटणारे छोटे मासे) आणि चिखलातले छोटे खेकडे मात्र उधाणाच्या सकाळी, कारण तेव्हा खारफुटीच्या पुढचा चिखल लांबपर्यंत उघडतो, चिखल्या आणि तुतवार हे पक्षीही तिथेच चरत असतात, फक्त ते इतके लांब पसरतात की ४०० एमएमची लेन्ससुद्धा कमी पडते. पक्षी जवळ हवे असतील तर ओहोटीची वाट बघू नका, चढत्या पाण्याची बघा, पाणी त्यांना हळूहळू तुमच्याकडे ढकलत आणतं. ठाणे खाडीत, जी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर स्थळ, रोहित पक्षी याच वेळी जवळ मिळतात. उधाणाच्या भरतीत मात्र चिखल पूर्ण बुडतो आणि ते थवेच्या थवे उडून नेरुळ-भांडुपच्या पाणथळींवर जाऊन बसतात, म्हणजे उधाणाला दुपारी खाडीत न थांबता त्या पाणथळींवर थांबायचं. ऐरोलीहून बोटीने जायचं असेल तर बोट भरतीवरच सुटते, भांगाच्या सकाळची फेरी मिळाली तर उजेड जास्त मऊ मिळतो.

वेळासला, आंजर्ल्याला कासवाची पिल्लं सोडतात सकाळ-संध्याकाळ. उधाणाच्या दिवशी त्या वेळी ओहोटी असल्याने पिल्लांना ओल्या वाळूवरून लांब चालावं लागतं, फोटोला वेळ मिळतो हे खरं, पण दोरीच्या आत जायचं नाही आणि फ्लॅश अजिबात नाही. भांगात पाणी जवळ असतं, पटकन जातात. पिल्लांसाठी तेच बरं आणि मला तेच बघायला आवडतं.

कोळीवाड्याचे फोटो काढणाऱ्यांनी पण तिथी बघावी. डोलीची जाळी पाण्याच्या ओढीवर चालतात म्हणून उधाणात त्या होड्या समुद्रावर असतात, भांगाला ओढ नसल्याने बऱ्याचशा किनाऱ्याला लागलेल्या असतात, जाळी दुरुस्त करणं, वाळत घालणं, होड्यांची डागडुजी हे सगळं तेव्हा चाललेलं असतं आणि लोकांना बोलायला वेळही असतो. विचारून काढा, कुणी नाही म्हणत नाही सहसा.

पावसाळ्यात एक बदल होतो. एकाच दिवसातल्या दोन भरत्या सारख्या नसतात, जून-जुलैमधे दुपारची उधाणाची भरती मोठी असते, थंडीत मध्यरात्रीची. म्हणून साडेचार मीटरच्या वरची भरती आणि त्यावर पावसाळी लाटा असा फोटो पावसाळ्यातच दिवसाउजेडी मिळतो, लांबून, टेली लेन्सने, कठड्यापासून मागे राहून. आणि मुंबईचे हे आकडे मालवण-वेंगुर्ल्याला लावू नका, खंभातच्या आखातापासून जसजसं दक्षिणेला जाल तसतसं उधाणाचं चढणं-उतरणं कमी होत जातं, तिकडे उधाणालाही साधारण दोन मीटरचाच फरक पडतो, तेव्हा चार्ट उघडताना आधी वर बंदराचं नाव कुठलं आहे ते बघा आणि मग आकडा वाचा.