जास्त अँपिअरच्या चार्जरनं बोर्ड जळतो का?

"आर्डुइनोला २ अँपिअरचा चार्जर लावू नका, जळेल," हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. (आर्डुइनो म्हणजे सेन्सर वगैरे जोडून प्रोग्रॅम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड.) मोठा आकडा दिसला की हात आखडतोच.

पण अँपिअरचा आकडा म्हणजे चार्जर जास्तीत जास्त किती करंट देऊ शकतो, एवढंच. घ्यायचं किती, ते बोर्ड ठरवतो. गच्चीवरची टाकी ५०० लिटरची असो की २००० ची, पाण्याची उंची सारखी असेल तर तोटीची धार तेवढीच. ती उंची म्हणजे व्होल्ट. तिथं मात्र चूक नको: ५ व्होल्टच्या पिनला १२ दिले की धूर.

पडताळायचंय? चार्जर आणि बोर्डाच्या मध्ये यूएसबी मीटर (किती करंट जातोय ते दाखवणारं छोटं यंत्र) लावा. नुसता, काही न जोडलेला ऊनो (आर्डुइनोचाच एक बोर्ड) आधी १ आणि मग २ अँपिअरच्या चार्जरवर चालवा. दोन्हीकडं साधारण ०.०५ अँपिअरच दिसेल.

माझी फजिती उलटीच झाली. परभणीकडं कापसात ओलाव्याचा सेन्सर लावला होता; वायफाय सुरू झालं की ईएसपी३२ (वायफायवाला असाच एक बोर्ड) रीसेट! चार्जर जुना, अर्ध्या अँपिअरचा. २ अँपिअरचा लावला, थांबलं.

हां, वायर शॉर्ट झाली तर दमदार चार्जर ती जास्त तापवू शकतो. शेतात फ्यूज टाकाच.