कार्डाचा फोटो हॉटेलला पाठवू नका

लग्नसराईत पुण्यातल्या हॉटेलात फोनवरून खोल्या बुक करताना अजूनही कधीकधी सांगितलं जातं, "कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो व्हॉट्सअ‍ॅप करा." असा फोटो कोणी पाठवू नये आणि हॉटेलनं मागूही नये.

कार्डाचे १६ अंक गुपित नसतात. सुरुवातीचे ६ ते ८ अंक बँक सांगतात, मधले खातं, आणि शेवटचा असतो तपासणी अंक. तो ठरवण्याची रीत आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांची. पेटंटसाठी अर्ज १९५४ चा. उजवीकडून दुसऱ्या अंकापासून एकाआड एक अंक दुप्पट करायचा, उत्तर ९ च्या वर गेलं तर त्यातून ९ वजा करायचे आणि सगळ्यांची बेरीज घ्यायची. तिला १० ने भाग गेला की नंबर बरोबर. चाचणीसाठी वापरला जाणारा ४१११ ११११ ११११ ११११ हा नंबर करून पाहा, बेरीज ३० येते. शेवटचा १ बदलून २ केला तर ३१. ही रीत टाइप करतानाची चूक पकडते, चोर नाही. वेबसाइटनं नंबर स्वीकारला म्हणजे कार्ड खरं, असं रिसेप्शनवर कोणी समजू नये.

मागचा तीन अंकी सीव्हीव्ही वेगळा. नंबर आणि मुदतीची तारीख यांवर बँकेची गुप्त किल्ली (फक्त बँकेकडे असलेला संकेतांक) चालवून तो काढतात, त्यामुळे नुसत्या नंबरावरून तो सापडत नाही. म्हणूनच व्यवहार झाल्यावर तो साठवून ठेवायला कार्ड उद्योगाच्या सुरक्षा नियमांत सक्त मनाई आहे. फोटोत मात्र तो फोनच्या गॅलरीत आणि बॅकअपमध्ये पडून राहतो. ओटीपी आहे ना, या भरवशावर राहू नका: परदेशी वेबसाइटवर तो बहुधा लागतच नाही. बँकेच्या अ‍ॅपमधून आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद ठेवा, प्रवासापुरते चालू करा.

हॉटेलला बसणारा फटका जास्त कपटी असतो. चोरलेल्या कार्डानं दहा खोल्यांचा अ‍ॅडव्हान्स भरला जातो. दोन दिवसांनी फोन येतो, "कार्यक्रम रद्द झाला, पैसे या यूपीआयवर पाठवा." हॉटेल पाठवतं. मग खरा कार्डधारक तक्रार करतो. त्यासाठी त्याला साधारण १२० दिवस मिळतात. बँक मूळ रक्कमही हॉटेलकडून काढून घेते आणि नुकसान दुप्पट होतं. उपाय एकच आणि त्याला अपवाद करू नये: रिफंड मूळ व्यवहारातूनच, त्याच कार्डावर. फोनवर नंबर लिहून घेऊन मशीनवर हातानं टाकण्यापेक्षा पेमेंट लिंक पाठवावी. ग्राहकानं ओटीपी टाकून पैसे भरले, तर "हा व्यवहार मी केलाच नाही" या तक्रारीचा भार बहुतेक वेळा कार्ड देणाऱ्या बँकेवर जातो. शिवाय नंबर हॉटेलच्या हाती येतच नाही.

प्रवाशांना येणारा ठरावीक मेसेज म्हणजे "कार्ड पुन्हा पडताळा, नाहीतर बुकिंग रद्द." त्यात तुमचं नाव आणि तारखा बरोबर असू शकतात, कारण हॉटेलचं बुकिंग पोर्टलवरचं खातंच चोराच्या ताब्यात गेलेलं असतं. लिंक न उघडता हॉटेलला स्वतः फोन करा, पण नंबर त्या मेसेजमधला घेऊ नका.

पैसे गेलेच तर आधी कार्ड ब्लॉक करा, मग १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेत लेखी तक्रार द्या. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक तुमचीही नसेल आणि बँकेचीही नसेल, तर बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास तुमच्यावर काहीही भार पडत नाही. कार्डाचे तपशील तुम्हीच कोणाला दिले असतील, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं.