परिपाठापासून जीवनकौशल्यांपर्यंत: पार्श्वभूमी

भांडण झालं की हात न उगारता बोलायचं कसं, आपली पाळी येईपर्यंत थांबायचं कसं, रुसलेल्या मैत्रिणीला पुन्हा खेळात घ्यायचं कसं, हे पूर्वी शाळेच्या वेळापत्रकात नव्हतं. मुलं ते वाड्याच्या चौकात आणि मैदानावर शिकत. पुण्यात ते जाणीवपूर्वक शिकवलं गेलं तेही आधी शाळेबाहेरच. 1941 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्र सेवा दलाच्या शाखांवर खेळ आणि समूहगीतं होती, पण हेतू जातिधर्मापलीकडे एकत्र वावरण्याचा होता. ऐंशीच्या दशकात सारसबागेजवळ गरवारे बालभवन सुरू झालं. तिथे शोभा भागवत यांनी अनेक वर्षं मुलांच्या खेळाला शिक्षणाइतकंच गंभीरपणे घेतलं.

शाळांमध्ये हा विषय आला तो मूल्यांच्या रूपात. 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने दहा गाभाघटक, म्हणजे सगळ्या विषयांतून रुजवायच्या समान गोष्टी, दिले. पुढे आपल्याकडे मूल्यशिक्षण परिपाठाला जोडलं गेलं. सुविचार, बोधकथा, प्रतिज्ञा. माझ्या मते इथेच गफलत झाली: सौजन्य हे मूल्य पाठ करता येतं, पण माफी मागणं मात्र करूनच शिकावं लागतं.

नव्वदच्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेने दहा जीवनकौशल्यं मांडली, त्यात समानुभूती, संवाद, परस्परसंबंध आणि भावनांचं नियमन होतं. भर आचरणावर आला. पुण्याच्याच शांतिलाल मुथ्था फाउंडेशनने 2009 मध्ये बीड जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळांत 'मूल्यवर्धन' सुरू केलं, जोडीत आणि गटात बोलत, एकमेकांचं ऐकत शिकण्याची पद्धत. पुढे ते राज्यभर गेलं.

मग कोविड आला. मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या आणि पुण्यात पहिलीचे वर्ग डिसेंबर 2021 मध्येच उघडले. बालवाडीची वर्षं घरातच गेलेली मुलं थेट बाकावर येऊन बसली. डबा वाटून खाणं, रांगेत थांबणं, बाईंचं लक्ष तीसजणांत वाटून घेणं, सगळंच नवं. या मुलांना 'बेशिस्त' म्हणणं अन्यायाचं आहे. त्यांना सरावाची संधीच मिळाली नव्हती.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सामाजिक-भावनिक विकासाला पायाभूत टप्प्यात, म्हणजे बालवाडी ते दुसरीपर्यंत, स्पष्ट जागा दिली आहे. पण प्राथमिकला एका शिक्षकामागे तीस मुलं हे प्रमाण शिक्षण हक्क कायद्यातच आहे. दोन मुलांचं भांडण त्यांच्याच तोंडून सोडवून घ्यायला दहा मिनिटं लागतात. ती दहा मिनिटं अभ्यासक्रमातून 'वाया गेली' असं मुख्याध्यापकांनी आणि पालकांनी म्हणू नये, एवढी मोकळीक बाईंना मिळायला हवी.