पेशंट झोपलाय की गुंगीत आहे?

आम्हा नर्सेसच्या नाईटच्या रिपोर्टमध्ये एक वाक्य हमखास असतं, "पेशंट शांत झोपला होता, पेनची तक्रार नाही". मीसुद्धा सुरुवातीला बरीच वर्षं हेच लिहायचे. डोळे मिटलेत, हालचाल नाही, म्हणजे दुखत नसणारच ना! पण ऑपरेशननंतर मॉर्फिन किंवा फेंटानिल ही दुखणं थांबवणारी जोरदार औषधं चालू असलेला पेशंट डोळे मिटून पडलाय तेव्हा तो झोपलेला असेल किंवा औषधाच्या गुंगीत असेल, लांबून दोन्ही सेम दिसतं, आणि दुखतंय की नाही हे या दोन्हीवरून कळत नाही.

झोप हे मेंदूचं स्वतःचं काम आहे. साधारण ९० मिनिटांचं एक चक्र, आधी हलकी, मग गाढ, मग स्वप्नांची, अशी रात्रीतून चार-पाच चक्रं, आणि गाढ झोपेचा मोठा वाटा पहिल्या अर्ध्या रात्रीत उरकतो. गुंगी म्हणजे औषधाने मेंदूला खाली दाबून धरलेलं असतं. मॉर्फिनसारख्या औषधांनी गाढ झोप आणि स्वप्नांची झोप दोन्ही कमी होतात, त्यामुळे रात्रभर पडून असलेला पेशंट सकाळी "सिस्टर, डोळ्याला डोळा नाही लागला" म्हणतो आणि आपण मनात म्हणतो काहीही काय, मी चार वेळा बघून गेले की. तो खोटं बोलत नसतो.

फरक कळतो तो उठवल्यावर. झोपलेल्याला हाक मारली, खांद्याला हात लावला की तो जागा होतो, थोडा वैतागतो, कुठे आहोत ते त्याला कळतं आणि बोलणं संपेपर्यंत जागा राहतो. गुंगीतला डोळे उघडतो, "हो, बरंय" म्हणतो आणि पुढचं वाक्य अर्ध्यात सोडून परत मिटतो. यासाठी क्रिस पासेरो या नर्सचं गुंगी मोजायचं स्केल वापरतात, त्यात साध्या झोपेला आकडाच नाही, 'एस' हे वेगळं अक्षर आहे, मला हे फार आवडतं. १ म्हणजे पूर्ण जागा, २ म्हणजे थोडा सुस्त पण सहज उठणारा, इथपर्यंत चालतं. ३ म्हणजे बोलता बोलता डुलकी, ४ म्हणजे हाकेला आणि हलवण्याला जवळपास प्रतिसादच नाही. ४ ला सगळेच धावतात, खरी चूक ३ ला होते कारण तो बिचारा दमलेला वाटतो आणि आपण पांघरूण नीट करून लाईट घालवून निघून जातो. ३ ला पुढचा डोस तसाच देऊन टाकायचा नाही, डॉक्टरांना कळवून डोस कमी करून घ्यायचा आणि गुंगी उतरेपर्यंत जवळून लक्ष ठेवायचं.

एवढं का, तर या औषधांत बहुतेक वेळा गुंगी आधी वाढते आणि श्वास नंतर मंदावतो, म्हणजे गुंगी हीच आधीची घंटा. फक्त सॅच्युरेशनवर (बोटाच्या मशीनवर दिसणारा रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा) विसंबू नका, ऑक्सिजन लावलेला असला तर आकडा बराच वेळ छान दिसतो आणि आत कार्बन डायऑक्साइड साठत जातो. श्वास मोजायचे ते पेशंटला हात लावायच्या आधी आणि पूर्ण १ मिनिट, कारण उठवलं की तो दोन-चार मोठे श्वास घेणार आणि आपल्याला वाटणार सगळं ठीक. आणि "घोरतोय म्हणजे मस्त झोपलाय" हे डोक्यातून काढून टाका, नवीन सुरू झालेलं जोराचं घोरणं म्हणजे श्वासाची वाट अडतेय असंही असू शकतं. झोपेची गोळी किंवा लोराझेपामसारखं गुंगी आणणारं काही सोबत चालू असेल तर डबल सावध.

आता उलटी बाजू. मार्गो मॅककॅफरी या नर्सने १९६८ मध्येच सांगून ठेवलंय की पेशंट जे सांगतो तेच दुखणं. मग डोळे मिटलेल्याचा पेन स्कोअर (किती दुखतंय याचा ० ते १० मधला आकडा) आपण ० कुठून आणतो? माणूस दुखत असतानाही झोपतो, दोन रात्री जागून शरीर थकलं की डुलकी लागतेच. माझ्या एका पेशंटला झोपलेला बघून रात्रीचा ठरलेला डोस मी मागे ठेवला, पहाटे तो उठला तो थेट ८ वर, आणि मग ते दुखणं आवरताना सकाळची अख्खी शिफ्ट गेली. तेव्हापासून मी संध्याकाळीच विचारून ठेवते, रात्री डोससाठी उठवलं तर चालेल का, बहुतेक जण हो म्हणतात. आणि स्कोअरच्या जागी शून्य लिहित नाही, "झोपलेला, श्वास १४, हाकेला लगेच जागा" असं लिहिते.

झोप मोडली तर दुसऱ्या दिवशी तेच दुखणं जास्त टोचतं, म्हणून बीपी, औषध, कूस बदलणं एकाच फेरीत उरकावं. जागतिक आरोग्य संघटनेने वॉर्डसाठी रात्रीच्या आवाजाची पातळी ३० डेसिबल सांगितलीय, आपल्या ट्रॉलीचं एक चाकच त्याच्या वर जातं 😅 पण गुंगीचा संशय असेल तर झोपमोड होईल म्हणून थांबायचं नाही, तिथे उठवायचंच.

पेशंटने स्वतः बटण दाबून डोस घ्यायचा पंप असेल तर नातेवाईकांना पहिल्याच दिवशी सांगा. त्या पंपाची एक मोठी सेफ्टी यावर उभी आहे की गुंगी आली की पेशंटचा हात बटणावर जात नाही. बाजूला बसलेली मुलगी "बाबा झोपेत कण्हतायत" म्हणून प्रेमाने बटण दाबते आणि ती सेफ्टी तिथेच संपते, तिला म्हणावं बटण नको, मला हाक मार.